हौशी पावलं : प्रौढ वयात बॅले शिकण्याविषयी

बॅले लहानपणीच शिकायचा असतो, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलीला गुलाबी झगा घालून वर्गाला सोडणारे पालक मुंबईत पुष्कळ आहेत. पण पन्नाशी ओलांडलेली बाई पिशवीत नृत्याचे मऊ बूट घेऊन तशाच वर्गाला जाते म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, “पण कशासाठी?”

गेली चार वर्षं मी मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या प्रौढांच्या प्राथमिक बॅलेवर्गाला जाते आहे. सुरुवात केली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. नृत्याची पदवी सोडाच, साधी एक परीक्षाही मी दिलेली नाही. वाचायची सवय मात्र जुनी आहे. त्यामुळे ‘कशासाठी’ला उत्तर देण्यापूर्वी हा प्रश्न मुळात कुठून आला, ‘योग्य वय’ ही कल्पना या नृत्यात कधी शिरली, याचा शोध घ्यायचं मी ठरवलं. त्या वाचनातून आणि वर्गातल्या घामातून जे हाती लागलं, ते या लेखात मांडते आहे.

नाचणारा राजा

बॅलेची बीजं इटलीतल्या दरबारी करमणुकीत सापडतात. वाढला तो फ्रान्समध्ये. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातली कॅथरिन फ्रान्सची राणी आणि पुढे राजमाता झाली. तिच्या काळात नृत्य, संगीत, काव्य आणि देखावे एकत्र गुंफलेले भव्य सोहळे तिथल्या दरबारात होऊ लागले. १५८१ मधला ‘बॅले कॉमिक द ला रेन’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. अशा सोहळ्यांत राणी, तिच्या सख्या, सरदार-दरकदार स्वतः नाचत. ती सगळी मोठी माणसं होती आणि नाचणं हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन नव्हतं.

१६५३ मध्ये ‘बॅले द ला न्युई’ या रात्रीच्या प्रहरांवर रचलेल्या सोहळ्यात चौदा वर्षांचा चौदावा लुई उगवत्या सूर्याच्या वेशात नाचला. ‘सूर्यराजा’ ही त्याची प्रतिमा या भूमिकेशी कायमची जोडली गेली. त्यानंतरही बरीच वर्षं तो दरबारी बॅलेंमध्ये नाचत राहिला. १६६१ मध्ये त्याने ‘अकादेमी रोयाल द दांस’ स्थापन केली आणि तिच्यावर तेरा नृत्यगुरू नेमले. आजही जगातला प्रत्येक बॅलेवर्ग पायांच्या ज्या पाच मूळ स्थितींपासून सुरू होतो, त्यांना शिस्तीत बसवण्याचं श्रेय पिएर बोशां या राजाच्या नृत्यगुरूला दिलं जातं.

माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बॅलेची पहिली शंभरेक वर्षं ही मुख्यतः हौशी प्रौढांची वर्षं आहेत. पावलं नेमकी पडावीत म्हणून गुरू ठेवलेले असत, पण त्यांच्यासमोर उभे असलेले शिष्य मिशा फुटलेले आणि संसार असलेले होते.

मुलं केव्हा आली

१६७० च्या सुमारास राजा रंगमंचावरून बाजूला झाला. त्याच काळात पॅरिसमध्ये ऑपेराची संस्था उभी राहिली आणि नृत्य दरबारातून तिकीट काढून पाहायच्या रंगमंचावर गेलं. १६८१ मध्ये ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक स्त्री-नर्तकी प्रथमच आल्या. १७१३ मध्ये ऑपेराला जोडून नृत्यशाळा मंजूर झाली. रशियात १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला शाही नृत्यशाळा सुरू झाली, तेव्हा तिथे राजवाड्यातल्या नोकरांची मुलं-मुली शिकायला घेतली होती.

म्हणजे बॅले हा व्यवसाय झाला तेव्हा त्यात मुलं आली, आणि त्यांतली बरीच गरीब घरांतली होती. एकोणिसाव्या शतकात पॅरिस ऑपेरातल्या अशा पोरींना ‘लहान उंदीर’ म्हणत. एदगार देगाने १८८१ मध्ये प्रदर्शित केलेलं ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’ हे शिल्प अशाच एका मुलीचं आहे. मारी व्हान गोथेम तिचं नाव. आई धोबीण होती.

लवकर सुरुवात करण्यामागचं गणित हे असं आहे. रंगमंचावरचं बॅले-नर्तकाचं आयुष्य छोटं असतं. पॅरिस ऑपेरात नर्तकांच्या निवृत्तीचं वय आजही ४२ आहे. विशीत मुख्य भूमिका करायच्या तर आठव्या-नवव्या वर्षी बारला हात लावायलाच हवा. नियम खरा आहे, पण तो धंद्याचा आहे. निवृत्तीच्या वयानंतर दहा वर्षांनी सुरुवात करणाऱ्या माझ्यासारखीला तो लावायचं कारण नाही. आपल्याकडची हौशी रंगभूमी आठवावी. दिवसभर बँकेत नाहीतर सरकारी कचेरीत बसून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या आणि राज्य नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या माणसाला ‘पण तुम्ही बालनाट्यापासून सुरुवात केली होती का?’ असं आपण विचारत नाही.

हाडांचं म्हणणं

इतिहास बाजूने आहे म्हणून शरीर ऐकतंच असं नाही. बॅलेची सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे त्याला ‘टर्नआउट’ म्हणतात: दोन्ही पाय खुब्यापासून बाहेर वळलेले. पाहणाऱ्याला पावलं वळलेली दिसतात, पण वळायला हवी असते ती मांडी. खुब्याच्या सांध्यामागे सहा लहान खोल स्नायू आहेत. मांडी बाहेर फिरवून तिथे धरून ठेवण्याचं काम मुख्यतः त्यांचं.

ही मांडी किती फिरेल हे बऱ्याच अंशी हाडांवर ठरतं. मांडीच्या हाडाचा वरचा भाग उरलेल्या हाडाच्या तुलनेत थोडा पुढे पिळलेला असतो. जन्मतः हा पीळ जास्त असतो, वाढत्या वयात कमी होत जातो आणि किशोरवयाअखेर जवळपास पक्का होतो. पन्नाशीत तो बदलत नाही. चित्रातल्या नर्तकीसारखी पावलं एका सरळ रेषेत आणण्याचा हट्ट प्रौढाने धरला तर पावलं पुढे जातात, मांडी मागे राहते आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो. प्रौढ नवशिक्यांच्या गुडघ्यांच्या बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात. आमच्या बाई पहिल्या महिन्यात एकच वाक्य पुन:पुन्हा म्हणत, “गुडघा पावलाच्या बोटांवरून जातोय का, एवढंच बघा.” त्यामुळे माझी पहिली स्थिती घड्याळातल्या दहा वाजून दहा मिनिटांसारखी दिसते. तिच्यापुढे ती जाणार नाही.

जे बदलतं ते स्नायू आणि मेंदू. सहा महिन्यांनी माझ्या पोटऱ्यांनी टाच उचलून आठ मोजेपर्यंत उभं राहायला सुरुवात केली. गिरकीच्या वेळी नजर एका बिंदूवर रोवून शरीर फिरू द्यायचं आणि डोकं शेवटी झटक्यात आणायचं, हे तंत्र जमायला मला वर्ष लागलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बॅले-नर्तकींच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांचा मेंदू आतल्या कानाकडून येणारे तोल जाण्याचे संदेश दाबायला शिकलेला असतो, असं त्यांना आढळलं. माझ्या मेंदूकडे तेवढी वर्षं नाहीत. म्हणून दोन गिरक्यांनंतर मी बार धरते.

पायांच्या अग्रांवर उभं राहण्याचे कडक बूट, म्हणजे पॉइंट शूज, हे बहुतेकांच्या मनातलं बॅलेचं चित्र. प्रौढ नवशिक्याला त्यांची गरज नसते. मुलांनासुद्धा काही वर्षांची ताकद आल्यावरच ते देतात. आम्ही चामड्याचे किंवा कॅनव्हासचे मऊ बूट घालतो. त्यांचं इलॅस्टिक स्वतः टाचून घ्यावं लागतं. रंग गुलाबी. कारण ज्या त्वचेशी पायाची रेषा अखंड दिसावी म्हणून हा रंग ठरला, ती युरोपातली त्वचा होती. लंडनच्या ‘फ्रीड’ या जुन्या कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेसोबत तपकिरी छटांचे पॉइंट शूज बाजारात आणले ते २०१८ मध्ये. आमच्या वर्गातल्या दोघीतिघी मात्र आधीपासूनच आपले बूट चहाच्या पाण्यात बुडवून रंगवत होत्या.

एका तासाची घडण

बॅलेचा वर्ग जगात कुठेही गेलात तरी साधारण एकाच क्रमाने चालतो. आधी बार. भिंतीला लावलेल्या लाकडी दांड्याला एक हात हलका टेकवून एका बाजूचा, मग वळून दुसऱ्या बाजूचा व्यायाम. गुडघे वाकवण्यापासून सुरुवात, मग पाय जमिनीवरून सरकवणं, वर्तुळं काढणं, शेवटी मोठ्या फेका. लहान हालचालीकडून मोठीकडे, संथाकडून जलदाकडे. मग बार सोडून मधोमध यायचं आणि तेच दांड्याच्या आधाराविना करायचं. मग गिरक्या, उड्या, आणि शेवटी गुरू व वादक यांना वाकून अभिवादन. आमच्याकडे वादक नसतो, मोबाइलला जोडलेला स्पीकर असतो. तरी आम्ही त्याच्याकडे वळून वाकतो.

या क्रमाचे शब्द फ्रेंच आहेत आणि ऐकताना दबायला होतं. शब्दकोश घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की ते अगदी घरगुती आहेत. ‘प्लिए’ म्हणजे दुमडलेलं. ‘तांद्यू’ म्हणजे ताणलेलं. ‘फॉन्द्यू’ म्हणजे वितळलेलं, ‘फ्रापे’ म्हणजे आपटलेलं, ‘जते’ म्हणजे फेकलेलं. ‘पा द शा’ म्हणजे मांजराचं पाऊल. घडी घालणं, ताणून वाळत टाकणं, वितळवणं, आपटणं, फेकणं ही कामं माझ्या हातांना चाळीस वर्षं माहीत होती. पायांना ती नव्याने सांगायची होती. मी माझ्या वहीत सगळ्या शब्दांपुढे मराठी शब्द लिहिले. वर्गातल्या इतर मराठी बायकांनी ती वही फोटो काढून नेली.

आपल्या नृत्यांशी तुलनाही यातून सुचत गेली. भरतनाट्यमच्या अरैमंडीत गुडघे बाहेर वळवून वाकलेले असतात, पण तिथे वजन खाली जमिनीला दिलेलं असतं आणि तळवा तिच्यावर वाजतो. बॅलेत तेच वाकणं पुढच्या उडीची पूर्वतयारी असते. कथ्थकची चक्कर टाचेवर फिरते. बॅलेची गिरकी चवड्यावर. वारकऱ्यांची पावली किंवा मंगळागौरीची फुगडी यांत वजन कुठे आहे याची कुणी चर्चा करत नाही, पण फुगडी घालणाऱ्या दोघींचा तोल हे एक शास्त्रच आहे. आणि फुगडीला वयाची अट नसते, हेही नोंदवायला हवं. सत्तर वर्षांच्या मावशीने मंगळागौरीत पिंगा घातला तर टाळ्या पडतात.

शहराविषयी एक व्यावहारिक मुद्दा. बॅलेसाठी लवचीक लाकडी जमीन लागते, म्हणजे फळ्यांखाली थोडी हवा आणि उसळी असलेली. मुंबईत बहुतेक वर्ग भाड्याच्या सभागृहांत चालतात आणि तिथे लादी किंवा काँक्रीटवर पातळ विनाइल अंथरलेलं असतं. त्यावर उड्या मारल्या की नडगी आणि टाच दुखणारच. ज्यांना प्रौढ वयात सुरुवात करायची आहे त्यांनी फीआधी जमीन पाहावी, आणि वर्ग अशा जमिनीवर असेल तर उड्यांच्या वेळी निःसंकोच टाचा उचलण्यापुरतंच करावं. गुडघा बदललेल्यांनी किंवा हाडं ठिसूळ झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या घेऊच नयेत.

मुंबईतला जुना धागा

बॅले मुंबईत नवा नाही. ॲना पाव्हलोवा ही रशियन नर्तकी १९२० च्या दशकात दोनदा भारतदौऱ्यावर आली. १९२३ मध्ये तिने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये भारतीय विषयांवरच्या रचना सादर केल्या. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेला एक बॅले होता. दुसऱ्या रचनेत तिच्यासोबत कृष्ण म्हणून नाचला तो उदय शंकर. हा तरुण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून लंडनला गेला होता. कोणत्याही गुरूकडे बसून त्याने शास्त्रीय नृत्य शिकलेलं नव्हतं.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट तर माझ्यासारखीला जपून ठेवावी अशी आहे. त्यांचा जन्म १९०४ चा. पाव्हलोवाशी ओळख झाल्यावर तिच्याच मंडळीतल्या क्लिओ नॉर्डी यांच्याकडे त्या बॅले शिकू लागल्या, तेव्हा त्यांनी विशी कधीच ओलांडली होती. पाव्हलोवाने त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितलं. त्यांनी १९३५ मध्ये अड्यारला पहिला जाहीर नृत्यप्रयोग केला तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. ज्या भरतनाट्यमची सुरुवात आज सातव्या वर्षी करावी असा आग्रह असतो, त्याच्या आधुनिक इतिहासातल्या एका मुख्य व्यक्तीने दोन्ही नृत्यं प्रौढपणी शिकायला घेतली होती.

मराठी कानाला ‘बॅले’ हा शब्द परिचित झाला तो मात्र वेगळ्या अर्थाने. शांती वर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभा केला आणि कठपुतळ्यांच्या हालचालींत रामायण बसवलं. सचिन शंकर यांचं बॅले युनिटही याच शहरातलं. या सगळ्यांत बॅले म्हणजे संवादांशिवायचं नृत्यनाट्य. फ्रेंच पदस्थितींशी त्याचा संबंध नव्हता. त्या पदस्थिती शिकवणाऱ्या तुश्ना डल्लास यांच्यासारख्या शिक्षिका दक्षिण मुंबईत साठच्या दशकापासून काम करत होत्या, पण तो एका छोट्या वर्तुळाचा छंद राहिला. अलीकडे सूनी तारापोरवाला यांच्या ‘ये बॅले’ (२०२०) या चित्रपटामुळे ते वर्तुळ मोडलं. मुंबईतल्या साध्या घरांतली दोन मुलं येहुदा माओर या वयस्कर शिक्षकाकडे शिकली, त्यांच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. त्यांतला मनीष चौहान पडद्यावरही स्वतःच नाचला आहे.

औषध की हौस

आता ‘कशासाठी’कडे वळते. मला एक सोपं उत्तर सापडलं होतं आणि ते चालतंही: “डॉक्टरांनी सांगितलंय.” हे म्हटलं की हसणं थांबतं. प्रौढ बाईने शरीर हलवायला आपल्याकडे दोनच कारणं मान्य आहेत, देव आणि दुखणं.

या उत्तरामागे पुरावा किती आहे ते मी शोधलं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास आला. त्यात शारीरिक छंदांपैकी फक्त नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं होतं. ज्यांना ते जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. ही दोन्ही निरीक्षणं आहेत. नाचल्यामुळे स्मृती टिकली की स्मृती शाबूत होती म्हणून ती माणसं नाचत होती, हे त्यांतून ठरत नाही. पहिल्या अभ्यासातलं नृत्य बॅलेही नव्हतं. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सने २०१७ मध्ये पंचावन्नपुढच्यांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावाने वर्ग सुरू केले, ते उत्तमच आहे. पण तोल आणि ताकद योगासनांनी, टेकडी चढण्यानेही येते. केवळ तब्येतीसाठी बॅलेच हवा असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

माझी आई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालायलाही लागली. पण नंतरची सहा वर्षं तिने स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येक पाऊल ती शत्रूच्या मुलखात टाकावं तसं टाकायची. माझ्या वर्गाला जाण्यात ती आठवण आहेच. पण तिथे मी हाड मोडू नये म्हणून उभी नसते. एक साधी हालचाल, पाय पुढे सरकवून परत आणणं, ती नेमकी कशी होते हे चार वर्षांनंतरही मला पुरतं कळलेलं नाही आणि ते कळावं अशी इच्छा आहे, म्हणून उभी असते. माझं शरीर पहिल्यांदाच मला कामाचं हत्यार किंवा दुरुस्तीला आलेलं यंत्र न वाटता अभ्यासाचा विषय वाटतं.

हा भेद शाब्दिक नाही, त्यावर वर्ग टिकणं अवलंबून आहे. आमची तुकडी चार वर्षांत दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा कारण एकच होतं: सभागृहाचा तोच तास मुलांच्या तुकडीला दिला तर परीक्षा, स्नेहसंमेलन, पोशाख असं सगळं येतं आणि हिशोब जुळतो. प्रौढांना परीक्षा नको, प्रमाणपत्र नको, स्टेज नको. जे फक्त औषध म्हणून येत होते ते दुसऱ्या औषधाकडे गेले. उरलो आम्ही नऊ जण: एक दंतवैद्य, दोन शिक्षिका, संगणकातल्या तिघी, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, एक गृहिणी आणि मी. दुसऱ्यांदा वर्ग बंद झाला तेव्हा आम्ही वर्गणी काढून सोसायटीचं सभागृह सकाळी साडेसहाला घेतलं आणि बाईंना तिथे बोलावलं. त्या आल्या. बार नव्हता, म्हणून आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठी धरतो.

अशा तुकड्या मुंबईत, पुण्यात आणखी निघाव्यात असं वाटत असेल तर त्यांची बाजू आरोग्याच्या नावाखाली चोरून मांडता कामा नये. जी कला दरबारातल्या हौशी माणसांनी घडवली आणि धंद्याने मुलांच्या हवाली केली, ती परत हौशी माणसांनी मागणं यात वावगं काही नाही. त्यासाठी लागतं ते एवढंच: एक बरी जमीन, आपल्या गुडघ्याची मर्यादा ओळखणारा शिक्षक, आणि आठवड्यातले दोन तास. सकाळी साडेसहाला पहिलं प्लिए घेताना नऊ जणांचे अठरा गुडघे एकदमच कटकट वाजतात. बाई मोजणं थांबवत नाहीत.